प्रसूतिगृहाच्या दाराची रुंदी

राज्य वेगळं झालं तेव्हा मी भोपाळला आरोग्य खात्यात सहायक होतो. कर्मचाऱ्यांची वाटणी झाली आणि पुष्कळ जण कुरकुरत रायपूरला आले. मी मात्र रायपूर मागून घेतलं. आजोबा नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीवर इकडे आले आणि इथलेच झाले, त्यामुळे माझी शाळा, कॉलेज, मित्र, सगळं रायपूरचंच. समता कॉलोनीत थोरल्या भावानं घर बांधलं होतं. भाऊ अकाली गेला. वरचा मजला रिकामा होता, तिथे मी बायको-पोरीसह राहायला आलो. खालच्या मजल्यावर वहिनीचं प्रसूतिगृह होतं आणि मागच्या दोन खोल्यांत ती स्वतः राहायची.

वहिनी अमरावतीची. डॉक्टर झाली, लग्न करून इकडे आली, आणि आठ खाटांवर तिनं निम्म्या वस्तीची बाळंतपणं केली. सगळे तिला डॉक्टर दीदी म्हणत. तिच्या हाताखाली कारखान्यांकडच्या बीरगांवची एक बाई होती, तिला लहानथोर सगळे मौसी म्हणायचे. मौसीजवळ कुठलं प्रमाणपत्र नव्हतं. झाडूपोछा करायला आली होती ती, पुढे वहिनीनं तिला हाताशी धरून शिकवलं.

नव्या राज्याला मंत्रालयासाठी इमारत नव्हती, म्हणून शहरातल्या एका जुन्या सरकारी इस्पितळात मंत्रालय थाटलं. वॉर्डात आमची टेबलं लागली. माझ्या खोलीत खांद्यापर्यंत पांढऱ्या टाइल्स होत्या आणि कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. पहिले काही महिने आम्ही त्यावर हसायचो. मग सवय झाली, बेसिनवर फायली ठेवू लागलो.

तिथेच बसल्या बसल्या बरीच वर्षं गेली, मी अनुभाग अधिकारी झालो, आणि खासगी दवाखान्यांसाठीचा कायदा आमच्याकडे आला. तोवर कुणीही उठावं आणि दोन खोल्यांवर नर्सिंग होमची पाटी लावावी, अशी स्थिती होती. कारखान्यांच्या बाजूला तर अशा पाट्या फारच झाल्या होत्या. आता परवाना लागणार होता. खाटांमध्ये अंतर किती, शिकलेली नर्स चोवीस तास आहे की नाही, स्ट्रेचर जाईल एवढं दार आणि बाहेर यायला तेवढा रस्ता आहे की नाही, हे सगळं बघितलं जाणार होतं. कायदा झाला, नियम लिहायचं काम सुरू झालं, तशी डॉक्टरांची निवेदनं यायला लागली. त्यातली एक मागणी अशी की, जुन्या घरांतल्या लहान दवाखान्यांना दाराची आणि रस्त्याची अट लावू नये.

मला ती मागणी वाजवी वाटत होती. वहिनीचं घर डोळ्यांसमोर होतं ना. तिच्या प्रसूतीच्या खोलीतून बाहेर यायला एक अरुंद बोळ होती, आणि ती भावाच्या खोलीला वळसा घालून दाराशी यायची. भाऊ रेल्वेत होता, पण त्याचा जीव रेडिओत. सुट्टीच्या दिवशी त्या खोलीत बसून लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचा. तो गेल्यावर वहिनीनं ती खोली तशीच ठेवली होती. टेबलावर उघडा पडलेला ट्रान्झिस्टरसुद्धा कुणाला हलवू दिला नव्हता.

घरी या विषयावर बोलणं टाळत होतो. पण एकदा जेवताना वहिनीनंच विचारलं, "भाऊजी, तो कायदा तुमच्याच टेबलावर आहे म्हणते?"

"आहे."

"मग त्याइले सांगा, कागदावर दवाखाना चालत नाई. इथं आठ खाटा हायेत, आणि बाई ओरडत आली तं आम्ही नववी टाकतो. काय करू, अंतर मोजत बसू?"

तिनं माझ्या पानात भाजी वाढली.

त्यानंतरचा रविवार होता. दुपारचं जेवण आटोपून मी आडवा झालो होतो. खालून मौसीची हाक आली, "भैया, जल्दी आवव!" मौसी सहसा आवाज चढवत नसे. मी तसाच बनियनवर खाली धावलो.

बीरगांवची एक तरुण बाई सकाळी बाळंत झाली होती. पोट्टी झाली होती, चांगली रडली होती. पण नंतर आईचं रक्त थांबेना. वहिनीनं सगळं करून पाहिलं होतं. आता तिला मोठ्या सरकारी इस्पितळात नेणं, तिथं रक्त चढवणं, एवढंच उरलं होतं. बाहेर गाडी उभी होती. स्ट्रेचरवर बाईला घेतलं आणि बोळीच्या वळणावर स्ट्रेचर अडकलं. पुढेही जाईना आणि मागेही येईना. तिचा नवरा कारखान्यात कामाला होता, धिप्पाड गडी, तो ओढत होता. मी ढकलत होतो. भिंतीचा पोपडा निघाला, पण स्ट्रेचर वळलं नाही.

"सोडा ते," वहिनी म्हणाली. "चादरीत घ्या."

चादरीची चार टोकं धरून आम्ही तिला उचललं. नवरा आणि मौसी डोक्याकडे, मी आणि ड्रायव्हर पायाकडे. मौसीच्या दुसऱ्या हातात सलाईनची बाटली होती, ती तिनं उंच धरली होती. वहिनी बाईच्या पोटावर मूठ दाबून आमच्याबरोबर तिरकी चालत होती. चादर मध्येच खाली गेली, बाई कण्हली. बोळ संपेपर्यंत कुणी श्वास घेतला असेल असं मला वाटत नाही.

वहिनी तिच्याबरोबर गेली ती संध्याकाळी परतली. बाई वाचली होती. "पोहोचायले अजून उशीर झाला असता तर..." एवढं म्हणून वहिनी मागच्या खोलीत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दाराच्या अटीवरचं माझं टिपण अर्धं लिहिलेलं होतं. सूट द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि आमच्या अवर सचिवांकडे गेलो. शांत स्वभावाचे, बिलासपूरकडचे गृहस्थ. त्यांना म्हटलं, "सर, माझ्या वहिनीचं असंच छोटं प्रसूतिगृह आहे. हे टिपण दुसऱ्या कुणाला द्या." आणि का, ते विचारल्यावर रविवारची हकिकत सांगितली.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तब तो आप ही लिखिए. बाकी किसी ने देखा नहीं है. भाभीवाली बात भी लिख दीजिए."

मी लिहिलं. वहिनीच्या घराचा उल्लेख केला, स्ट्रेचरचा केला. दाराची आणि रस्त्याची अट सगळ्यांना असावी, जुन्या इमारतींना बदल करायला मुदत द्यावी, असं म्हटलं. पुढे वरच्या लोकांनी ते तसंच ठेवलं. माझ्याच टिपणामुळे ठेवलं असं मी म्हणणार नाही, आणखीही मतं आली असतील.

टिपण लिहिलं त्याच दिवशी संध्याकाळी वहिनीला सांगितलं. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

ती ओट्याजवळ चहा गाळत होती. "म्हणजे त्या बाकीच्या डॉक्टरांनी सूट मागितली, आणि तुम्ही म्हणाले देऊ नका?"

"हो."

"घरातल्या घरात?"

"वहिनी, तुमीच होत्या ना तिथं रविवारी."

"मी होती. म्हणूनच विचारून राहिली." तिनं कप माझ्यासमोर ठेवला आणि आपला कप घेऊन आत निघून गेली.

मग बरेच दिवस आमच्यात कामापुरतंच बोलणं झालं. माझ्या बायकोशी ती नेहमीसारखी बोलायची, माझ्या पोरीचा अभ्यास घ्यायची. पोरगी तिला हिंदीतून उत्तरं द्यायची आणि ही तिला मराठीतून रागवायची, ते सगळं जिन्यावरून ऐकू यायचं. मी खाली उतरलो की मात्र तिला काहीतरी काम आठवायचं. मला वाईट वाटत होतं. टिपण चुकलं असं मात्र कधी वाटलं नाही.

एका सकाळी तिनंच हाक मारली. भावाच्या खोलीचं दार उघडं होतं. "सुट्टी आहे ना आज? हे सामान वर न्यायले मदत करा. उद्या मिस्त्री येऊन राहिला."

मी दारातच थांबलो. "कोणती भिंत?"

"हीच. खोली गेल्याशिवाय बोळ सरळ होत नाई."

आम्ही सामान काढायला बसलो. वायरींची भेंडोळी, व्हॉल्व्ह, पत्र्याच्या डब्यांत स्क्रू, भावाची सोल्डरिंगची जळकी सळई. वहिनी प्रत्येक वस्तू हातात घ्यायची, पुसायची आणि खोक्यात ठेवायची. तो उघडा ट्रान्झिस्टर तिनं सगळ्यात शेवटी उचलला.

मी म्हणालो, "वहिनी, मुदत आहे. दुसरा काही मार्ग निघतो का ते बघता येईल. मागून रस्ता काढता येईल."

"त्या दिवशी तुम्ही पायाकडं होते, तुमाले दिसलं नाई," ती म्हणाली. "वळताना चादर झुलली आणि तिचं डोकं या कोपऱ्यावर आदळलं. याच भिंतीवर. तिले पुरती शुद्ध नव्हती, पण मी आवाज ऐकला." तिनं हातानं जागा दाखवली. "इतकी वर्षं मी ही खोली राखली. कुणासाठी राखली ते मले सांगता येत नाई."

खोक्याला सुतळी बांधता बांधता मी विचारलं, "कायदा आला नसता तरी पाडली असती?"

तिनं विचार केला. "नसती पाडली. महिनाभर जीवाले लागलं असतं, मग विसरून गेली असती."

भिंत पडली. रस्ता सरळ झाला. अंतराच्या अटीत आठाच्या सहा खाटा झाल्या. तपासणीला आलेल्या चमूनं दार मोजलंच नाही. कचऱ्याच्या लाल-पिवळ्या बादल्यांवरच त्यांनी अर्धा तास घालवला. वहिनी तेव्हा मोकळं हसली. त्या दिवसापासून आमचं बोलणं पूर्वीसारखं सुरू झालं.

पण कायद्याची दुसरी अट होतीच. बाळंतपणात हाताशी शिकलेली, नोंदणी झालेली नर्सच हवी. त्यावर कुणी माझं मत विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी विरोध केला नसता. वहिनीनं महासमुंदची एक नर्स ठेवली. पोट्टी हुशार होती, मौसीला मानानं वागवायची. वहिनीनं मौसीला म्हटलं, "तू इथंच राहा. पगार तोच. फक्त आतलं काम ती करेल, तू बाळंतिणीजवळ बस."

मौसीनं काही दिवस तसं करून पाहिलं. आतून ओरडण्याचा आवाज आला की ती उठून दारापर्यंत जायची आणि परत येऊन स्टुलावर बसायची. मग एक दिवस ती वहिनीला म्हणाली, गुडघे दुखतात, आता घरीच राहीन. गुडघ्यांबद्दल ती आधी कधी बोलली नव्हती. वहिनीनं तिला अडवलं नाही. तिला लुगडं दिलं, बसपर्यंत सोडायला गेली. परत आल्यावर मला म्हणाली, "अट बरोबर आहे, भाऊजी. पण तिले शिकवायची एक जागा सरकारनं काढली असती तर काय बिघडलं असतं?" खात्याच्या त्या सालच्या बजेटात नवी नर्सिंग कॉलेजं होती. मौसीच्या वयाच्या बाईला बसता येईल असा वर्ग कुठे नव्हता.

पुढे कळलं की तिच्या पाऱ्यातल्या, म्हणजे वस्तीतल्या, बायकांनी तिला मितानिन निवडलं. आमच्या राज्यात वस्तीवस्तीत अशा बाया असतात. गरोदर बाई कोण, लस कुणाची राहिली, ते बघतात आणि वेळेवर दवाखान्यात पोहोचवतात. एका सकाळी ती एका दिवस भरलेल्या बाईला घेऊन आमच्या दाराशी आली. सरकारी दवाखान्यात ऑपरेशनच्या बाया आधीच रांगेत होत्या आणि हिला थांबायला वेळ नव्हता, म्हणून.

वहिनीनं बाईला आत घेतलं आणि मौसीला म्हणाली, "चाल, हात धू."

मौसीनं चप्पल काढली, पण उंबऱ्यापाशीच थांबली. "नइ दीदी, अब मोर काम बाहिर के हे," आपलं काम आता बाहेरचं, असं म्हणून ती बाकावर बसली.

वहिनी आत गेली. दोनेक तासांनी पोट्टा झाला. नर्सनं त्याला गुंडाळून आणलं, तेव्हा तिनं आधी त्याला मौसीच्या मांडीवर दिलं. मौसीनं त्याचे पाय उघडून पाहिले, रंग पाहिला, पुन्हा गुंडाळलं. मी ऑफिसला निघालो होतो. मी स्कूटर काढत होतो, तेव्हा बाळाला हातांवर जोखत मौसी मला म्हणाली, "भैया, तीन किलो के होही." मी हव म्हणालो आणि निघालो.