पडद्यावरचा ताजमहाल

आज आमच्या अकोल्याच्या घराचं फाटक रंगवताहेत, आणि त्या ऑइलपेंटच्या वासानं मला सकाळपासून एका जागी बसवत नाही.

दर्यापूरच्या जत्रेतल्या फोटोवाल्याच्या पडद्याला हाच वास होता. त्यावर ताजमहाल रंगवलेला. पुढे उभं राहण्याआधी अब्बांनी चपला काढल्या, मलाही काढायला लावल्या.

"चाचा, काहून काढल्या? पडदाच तं हाय!" फोटोवाला हसला.

"कबर हाय ना भाऊ त्याच्यात."

तापलेल्या काळ्या मातीवर मी नुसती नाचत होते. फोटोत अब्बा ताठ उभे, मी हललेली.

गेल्या हिवाळ्यात इजिप्तला गेलो. पिरॅमिड म्हणजे राजाची कबर, असं सांगून गाइडनं आम्हाला घाईघाईनं फोटोसाठी उभं केलं. त्या फोटोत सगळे हसताहेत. मी तेवढी वाकून बुटाची नाडी सोडतेय.