जखम बघायला आलेली माणसं

मला माणसं आवडत नाहीत, असं वॉर्डात सगळे म्हणायचे. खोटं नव्हतं. सानपाड्याच्या त्या खासगी हॉस्पिटलात माझं काम इन्फेक्शन कंट्रोलचं, म्हणजे एका पेशंटचे जंतू दुसऱ्याकडे जाऊ न देण्याचं. आणि जंतू काही स्वतःच्या पायांनी चालत जात नाहीत, माणसंच ते हातांवर घेऊन हिंडतात. मग आवडायची कशी?

पाच नंबरच्या बेडवर मार्केटातला एक माथाडी होता, साताऱ्याकडचा, पन्नाशीला टेकलेला. गोण्यांची थप्पी कोसळून नडगी मोडली होती. आत प्लेट बसवली, टाके अगदी कोरडे होते. पाय धड झाला तर पुन्हा ओझं उचलता येणार, नाहीतर कामच संपलं. हे त्याला, त्याच्या बायकोला आणि मलाही चांगलं ठाऊक होतं.

मग गाव लोटलं. तुर्भ्यातून, कोपरखैरण्यातून, एकदा तर थेट गावाहून जीप भरून. आजाऱ्याला भेटायला यावं, माझं काही म्हणणं नाही. पण ह्यांना जखम बघायची असते. आलं की चादर वर, बोटं पट्टीखाली. "बगू द्या की बाई, कितपत लागलंय." एका म्हाताऱ्याच्या हातावर मी चापट मारली. मारलीच.

"भेंडी आहे का ती, मोडून बघायला?"

पेशंटची बायको मध्ये पडली. "आवं, चुलता हाय त्यो. बापाच्या जागी."

"आजाच्या जागी असू दे. हात धुतल्याशिवाय इथे यायचं नाही."

"लईच तोरा हाय हिचा," असं ती पाठीमागे म्हणाली. मला ऐकू आलं. खरं सांगायचं तर त्या माणसांवर ओरडायला मला बरं वाटायचं. ती उलटून माझं काही करू शकत नव्हती.

सरांचं तसं नव्हतं. सर म्हणजे आमचे मोठे सर्जन, सकाळी राउंडला यायचे आणि सगळा वॉर्ड ताठ व्हायचा. पाचच्या शेजारी, चार नंबरला, मधुमेहाने पाय सडलेला पेशंट होता, जखमेतून पू वाहत होता. त्याला सगळ्यांत शेवटी बघायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची मुलगीही सांगेल. त्या दिवशी सरांनी ग्लोव्ह्ज घातले, चारची जखम दाबून पाहिली आणि तसेच पाचकडे वळले. त्याच ग्लोव्ह्जनी पट्टी उचलली, टाक्यांवरून अंगठा फिरवला. "गुड. एकदम मस्त आहे."

माझ्या हातातल्या ट्रेमध्ये नवे ग्लोव्ह्ज होते. "सर, ग्लोव्ह्ज बदला," एवढंच म्हणायचं होतं. मी ते म्हणाले नाही. माझ्या आधीची सिस्टर एकदा बोलली होती आणि महिन्याभरात तिची नोकरी गेली होती. पण ती सबब झाली. मी भित्री आहे, हे त्याचं खरं कारण. कोणी हात धुतले, कोणी नाही, याचा एक फॉर्म मी रोज भरायचे. सरांच्या नावापुढे नेहमी 'हो'. त्या दिवशीही 'हो'.

चौथ्या दिवशी पाचला ताप भरला. टाके लाल झाले, मग पू. तपासणीत चार नंबरच्या जखमेतलाच जंतू निघाला. सरांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. "रिलेटिव्ह्ज, दुसरं काय! पिकनिक स्पॉट करून ठेवलाय वॉर्डाचा. फाइलमध्ये लिहा तसं."

मी लिहिलं, नातेवाइकांनी वारंवार जखमेला हात लावला. वाक्य खोटं नव्हतं. खाली सही केली.

पुन्हा ऑपरेशन करून प्लेट काढावी लागली. पाय वाचला, पण ओझ्याचा राहिला नाही. "तुमच्याच लोकांनी वाट लावली," असं सरांनी त्याच्या बायकोला पॅसेजमध्ये उभ्या उभ्या सांगितलं. ती भांडेल म्हणून मी तयारीत होते. तिने भांडावं असं मला फार वाटत होतं. ती माझ्याकडे आली.

"बाई, तुमी घसा फोडून सांगत हुता. आमी आडानी, तुमास्नीच नावं ठिवली. माज्या मान्साचा पाय आमीच घालवला." आणि ती वाकली, माझ्या पाया पडली.

मी पाय मागे घेतले. "जमिनीला हात लागलेत. जा, धुऊन या."

त्यानंतर ती वॉर्डाच्या दारात बसायला लागली आणि येईल त्याला तिथूनच परत पाठवायला लागली. थोरला दीर मुंबईच्या एस.टी.त रात्र काढून आला, त्यालाही आत सोडलं नाही. भाकरीचं गाठोडं तिच्याकडे देऊन तो निमूट गेला. आत पेशंटला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला ताप होता, त्याला कशाला सांगा, असं तिचं म्हणणं.

एके दिवशी मी पट्टी बदलत होते. तो म्हणाला, "बाई, हल्ली कोन येत न्हाय. बरोबरच हाय म्हना. वझं उचलायचा न्हाय म्हनल्यावर कोन कशाला येतंय."

मी पट्टी बांधली आणि पुढच्या बेडकडे गेले.