वरच्या कप्प्यासाठी शहापूर-मुरबाडची फेरी

घरात पुस्तकांसाठी सरकती शिडी करायची असेल, तर ऑनलाइन भाव बघू नका. नुसत्या रोलर-पट्टीची किंमत बघून मी लॅपटॉप मिटला. पण शिडी हवीच होती. वाशिंदच्या आमच्या घरात भिंतभर पुस्तकं आहेत, थेट छतापर्यंत. वरचे कप्पे सुमनने, माझ्या बायकोने, लावलेले. ती उंच, मी ठेंगणा. ती टेबलावर चढायची आणि हवं ते पुस्तक खाली माझ्या हातात द्यायची. ती गेली त्याला वर्ष झालं. मुलगी म्हणते, "बाबा, मी सगळी खाली काढून देते." मला ते नकोय. सुमनने लावली तशीच ती राहावीत आणि मी तिथवर पोचावं. टेबलावर चढून पाहिलं, पण गुडघ्यांनी साफ हात वर केले.

सकाळी रिक्षाने शहापूर गाठलं. बाजारपेठेतल्या हार्डवेअरवाल्याने आधी गेटची चाकं पुढे ठेवली, मग शिडीचं ऐकून उचलून घेतली.

"काका, ही नाय चालायची. लटकत्या दाराचे रोलर पायजेत तुमाला. पोल्ट्रीवाले शेडला लावतात ना, ते. मुरबाडला बघा."

खाली लावायची ब्रेकवाली रबरी चाकं मात्र त्याच्याकडे मिळाली. ती पिशवीत टाकून किन्हवलीमार्गे मुरबाडची एसटी धरली. गाड्या कमी, तेव्हा वेळ आधी विचारून घ्या. भात कापून झालेलं, खळ्यांवर झोडणी चालू होती. शेजारची सीट रिकामी होती, तिच्यावर मी पिशवी ठेवली. सुमनशिवायचा हा माझा पहिलाच प्रवास, आणि मला तो जड गेला.

मुरबाडला एका दुकानात कोंबड्यांच्या खाद्याच्या भांड्यांमध्ये रोलर टांगलेले दिसले.

"शेड केवढी?" दुकानदाराने विचारलं.

"एका भिंतीची."

"आन् कोंबड्या?"

"पुस्तकं आहेत."

"बरंय, खाद्य नाय लागत," असं म्हणून त्याने रोलर आणि ते ज्यात धावतात ती लोखंडी पट्टी बांधून दिली. ऑनलाइनच्या पाव किमतीत काम झालं. खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं खाल्लं. मुरबाडला गेलात तर चुकवू नका.

राहिली शिडी. लाकडाची मला हलली नसती, म्हणून बांबूची करायचं ठरवलं. रस्त्याकडेला एक बाई बांबू विकायला बसल्या होत्या. म्हटलं, "दोन लांब, सरळ बांबू द्या. आणि आडव्यांसाठी थोडे तुकडे."

त्या लगेच उठल्या. हिरवेगार दोन बांबू काढले, सुतळीही वर ठेवली. भाव विचारला तर मान हलवली. "ऱ्हाऊ द्या, मागून बघू." मग हळूच विचारलं, "कोन गेला, दादा?"

"माझी बायको," मी बोलून गेलो.

"कवा?"

"वर्ष झालं."

त्या बघतच राहिल्या. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की आपण तिरडीचं सामान मागितलंय. मी घाईघाईने शिडीचं सांगितलं, पुस्तकांचं सांगितलं. बाईंनी हिरवे बांबू परत नेऊन ठेवले.

"हे एका दिसाचं काम. तुमची शिडी टिकाया पायजे ना?" त्यांनी आतून सुकलेले, पिवळे बांबू आणले. भावही नीट सांगितला, आणि मी नीट घासाघीस केली. दोघांनाही बरं वाटलं.

बांबू न्यायला छोटा टेम्पो करावा लागला. त्याचं भाडं सामानाइतकंच झालं, हे धरून चला.

रविवारी ओळखीच्या सुताराने पट्टी ठोकली, बांबूंना आडवे तुकडे बसवले, वर रोलर, खाली चाकं. शिडी बोटाने ढकलली तरी सरकते. तो गेल्यावर ब्रेक लावला आणि सावकाश चढलो. वरच्या कप्प्यात धुळीखाली सगळं तिने लावलं तसंच होतं. एक जाडजूड पुस्तक ओढून काढलं आणि खाली द्यायला हात लांबवला.

घ्यायला कोणी नव्हतं.

एक हात शिडीला, एक हात पुस्तकाला, तसं उतरायचं धाडस होईना. परत ठेवायचंही मन होईना. मग पुस्तक कप्प्याच्या कडेला टेकवून उघडलं आणि गुडघे बोलायला लागेपर्यंत तिथेच उभा राहून वाचलं.