खाडीत किती होड्या

माझा स्वभाव मुळातच संशयी. दुधाची पिशवी मी दोनदा हुंगते, आणि रिक्षावाल्याने मीटर टाकला तरी उतरेपर्यंत माझी नजर मीटरवरच. नेरुळला घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायला लागले आणि या स्वभावाला रोजचं काम मिळालं, इतकंच.

त्या वर्षी एका स्पर्धेला माझ्याकडून एकच नाव जायचं होतं. ते ठरवायला मी मुलांना एक गणित घातलं. दोन ओळी, प्रत्येकीत चार चौकोन. त्यांत एक ते आठ आकडे असे भरायचे, की डावीकडून उजवीकडे आकडा वाढत गेला पाहिजे आणि वरच्यापेक्षा त्याच्या खालचा मोठा पाहिजे. असे किती प्रकारे भरता येतील?

उत्तर चौदा. दोघांचंच बरोबर आलं, आणि दोघांनीही नुसता आकडा लिहिला होता, रीत नाही. एक मुलगा पाम बीच रोडवरच्या टॉवरमधला, आईवडील डॉक्टर. दुसरी सारसोळ्याची कोळ्यांची मुलगी, वडील अजून खाडीत जाळं टाकतात. ही दिवसभर गप्प. हिला चौदा कुठून सुचणार? बाईसाहेबांनी मोबाइल बघितला, दुसरं काय! दुसऱ्या दिवशी मी तिची वही उलटीपालटी केली, कंपासपेटीही उघडली. काही सापडेना, तसा माझा संशय आणखी पक्का झाला. शेवटी तिला फळ्यापाशी उभी केली. आता दोन्ही ओळींत पाच-पाच चौकोन, आकडे एक ते दहा. कर माझ्यासमोर.

तिने खडू घेतला. वरची ओळ म्हणजे जेटीवरून निघालेल्या होड्या, खालची म्हणजे परत आलेल्या, आकडा म्हणजे कितवी खेप, असं काहीतरी ती पुटपुटली. खालचा आकडा मोठाच का, ते आधी सांग, मी दरडावलं.

“मॅडम, होरी गेलीच नाय, तं परत येल कशी?”

मग दर खेपेला खाडीत किती होड्या उरतात ते मांडत, बेरजा करत ती बेचाळीसवर पोचली. बरोबर बेचाळीस. इतकी वर्षं हे गणित शिकवतेय, मला त्यात कधी होडी दिसली नव्हती. स्पर्धेला तुझंच नाव देते, मी म्हटलं. तिने हाताला लागलेला खडू झटकला.

“त्याला पन फल्यावर बोलवनार का?”

मुलगा समोरच बसला होता. त्याच्या कागदावर मी आदल्या दिवशीच लाल पेनाने ‘शाब्बास’ लिहून ठेवलं होतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाव तिचंच गेलं. पण तेव्हापासून ती दोन अधिक तीनसुद्धा पायऱ्या पाडून लिहायला लागली. पान संपलं की वही माझ्यापुढे धरायची आणि सही मागायची. मी मान वर न करता सही करायचे.