लॉरीतला बर्फ

पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही बिदरला मैलूरमध्ये राहत होतो आणि माझे यजमान एका तुरीच्या व्यापाऱ्याच्या लॉरीवर मेकॅनिक होते. लॉरी पेट्रोलवर चालणारी, महायुद्धातल्या लष्कराच्या वापरातून आलेली. झिमझिम पावसात, गार हवेत, नीट चालता चालता तिचं इंजिन गुदमरायचं आणि बंद पडायचं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालू व्हायचं. यजमानांनी सगळं खोलून पाहिलं, पेट्रोल फडक्यानं गाळून भरलं, तरी दोष सापडेना.

एका श्रावणात मी माहेरून, निंबर्ग्याहून, त्याच लॉरीनं परत येत होते. सपाट रस्त्यावर ती थांबली. यजमानांनी बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली. पेट्रोल आणि हवा जिथं मिसळतात त्या कार्बोरेटरच्या गळ्यावर मिठासारखं पांढरं काहीतरी साचलं होतं. मी बोट लावलं. बर्फ होता. बघता बघता त्याचं पाणी झालं आणि इंजिन सुरू झालं. पेट्रोल उडताना लोखंड गार पडतं, हवेतली ओल आत गोठते आणि हवेची वाट बुजते, असं यजमानांनी मला समजावलं.

लॉरीच्या मालकांना, सावकारांना, सांगितलं तर ते हसले. "बिदरात बर्फ? अन् त्यो बी इंजिनात?" मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी अदबीनं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि विषय बदलला. दाखवायला माझ्याकडे काय होतं?

मग यजमानांनी पितळेची आणि लोखंडाची अशा दोन पातळ पट्ट्या एकमेकींना रिव्हेटनं जोडल्या. गारव्यानं पितळ जास्त आकसतं, पट्टी वाकून तारेला टेकते आणि ड्रायव्हरसमोरचा लहान बल्ब लागतो. बल्ब लागला की चढाला लागायच्या आधीच सपाटीवर गाडी थांबवायची, बर्फ वितळू द्यायचा, एवढंच. आमच्या अंगणात पट्टीवर पेट्रोलचं फडकं गुंडाळून मी सुपानं वारा घातला. बऱ्याच वेळानं बल्ब लागला. यजमानांनी ती पट्टी लॉरीच्या कार्बोरेटरवर बसवली.

सावकारांना दाखवायचं ठरलं त्या दिवशी कडक ऊन पडलं. गावाबाहेर दोन फेऱ्या मारल्या, बल्ब लागला नाही. तारांनी बॅटरी उतरते, असं ड्रायव्हरनं सांगितलं. सावकारांनी पट्टी काढायला लावली. यजमानांनी आपल्याच हातानं ती काढली.

पुढच्या पावसाळ्यात बिदरच्या चढावर लॉरी बंद पडली आणि मागं घसरू लागली. हँडब्रेक धरेना. गाडीवरचा हमाल, धनगर समाजाचा, चाकामागं दगड लावायला उतरला. दगड निसटला आणि त्याचा पाय चाकाखाली गेला. यजमान तेव्हा गॅरेजमध्ये दुसऱ्या कामात होते. दोष त्यांच्यावर आला. त्यांनी गाडी नीट ठेवली नाही असं ठरलं आणि नोकरी गेली. बर्फाचं नावसुद्धा त्यांनी काढलं नाही. "कामून गप्प बसलात?" असं मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "हँडब्रेक बी मीच बघायचा व्हता की."

हमालाचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आम्ही त्याला भेटायला गेलो. तो बाजेवर बसून लोकर पिंजत होता. यजमान दारातच उभे राहिले. त्यानं मला विचारलं, "अक्का, खरंच बर्फ व्हता का वं?"

"व्हय अण्णा. मी बोट लावून बघितलाय."

"मंग कुणालाच कामून दिसला न्हाई?"

त्याच्या बायकोनं पाणी दिलं. आम्ही प्यालो आणि निघालो.

त्यानंतर यजमान पिठाच्या गिरणीत इंजिन चालवायला लागले. ते काम त्यांनी शेवटपर्यंत केलं, पण लॉरीत पुन्हा कधी बसले नाहीत. माहेरी जायचं झालं तर मी एकटीच जायची. पाऊस असला की ते मला जाऊ द्यायचे नाहीत आणि मीही हट्ट धरायची नाही.