अहो, पाणी काढलंय

जगातली निम्मी दुःखं माणूस पारोसा राहिल्यामुळे होतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस उभ्या शिरूर तालुक्यात एकच, आणि तो नेमका माझा मामा निघाला. मांडवगण फराट्याला मामाच्या परसात तांब्याचा बंब होता. शेजाऱ्यांच्या छपरांवर सोलर चढले, पण मामाचा बंब रोज सकाळी दाणे काढलेली मक्याची बुरकुंडं खाऊन धूर ओकायचाच. मे महिन्यातसुद्धा हा गडी घाम पुसत त्याच्यापुढे उकिडवा बसलेला. पाणी तापलं की बादली भरायची, घराच्या दाराकडे तोंड करायचं आणि खणखणीत हाक मारायची, "अहो, पाणी काढलंय!" मग स्वतःच "आलो, आलो" म्हणत न्हाणीत शिरायचं. एकदा शाळेतल्या बाई मतदारांची नावं तपासायला आल्या. घरात माणसं किती, तर मामा म्हणाला, एकच. "मग आत्ता हाक कुणाला मारलीत?" "मलाच की." बाई चहा न घेताच गेल्या.

आम्ही पोट धरून हसायचो. पण ती हाक मुळात मामीची. मामी गेली तेव्हा मामा खाटेवर पडला तो पडलाच. भिंतीकडे तोंड. भाकरी नको, रान नको, "आता कशापायी उठायचं?" एवढंच बोलायचा. दौंडच्या डॉक्टरांनी मनाचा आजार म्हणून गोळ्या दिल्या. त्या घ्यायचा आणि पुन्हा पडायचा. एका सकाळी काय वाटलं कुणास ठाऊक, उठून त्यानं बंब पेटवला आणि मामीच्याच सुरात हाक मारली. "बरंबिरं काय वाटलं न्हाई," तो सांगायचा, "पर एवढं तापवल्यालं पाणी वाया कसं घालवायचं? घेतलं अंगावर. दुसऱ्या दिशी परत." आणि गोळ्या? "गोळी गोळीचं काम करती, बंब बंबाचं."

पुढं पुढं त्यानं हे औषध गावालाच लावलं. कुणी पडल्या चेहऱ्यानं दारात आलं की विचारपूस नाही, चहा नाही, "आधी अंघूळ." सोसायटीच्या निवडणुकीत हरलेले एक आप्पा भर दुपारी रडगाणं गायला आले, तर मामानं त्यांना दंडाला धरून न्हाणीत घातलं. आप्पा बाहेर आले ते मामाचं धोतर नेसून, हसत. "मतं न्हाई मिळाली, पाठ तरी चोळून निघाली!"

माझी कारखान्यातली नोकरी गेली तेव्हा मीही असाच पडून होतो. मामानं मला यवतच्या माझ्या घरातून उचलून मांडवगणला नेलं. रोज हाक मारायचा, मी उठायचो नाही. रागावणं नाही की उपदेश नाही. पाणी निवलं की परत बंबात ओतायचा, तापवायचा, पुन्हा हाक. "मामा, मनात लई वंगाळ येतंय," मी एकदा म्हणालो. "येऊ दे की. त्याला म्हणावं बस, मी अंघूळ करून येतो." शेवटी त्याच्या हाकांना कंटाळून मी उठलो. मग उठतच राहिलो. आज मी माणसांत आहे तो त्या पाण्यामुळं, हे सांगायला मला कसली लाज?

यंदा मामा परसात घसरला आणि त्याच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर मी त्याला यवतला आणलं. डॉक्टर म्हणाले, आता चालवा. पण मामानं पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. गिझरच्या पाण्याकडे तर बघेचना. गावाकडून फोन यायचे, "धूर दिसत न्हाई, सकाळ झाल्यागत वाटंना." मामी गेल्यावरचा तोच मामा. आणि आता वयही झालेलं.

शेवटी टेम्पोतून बंबच आणला. बायको म्हणाली, धुरापायी शेजारी भांडतील. म्हटलं, भांडू देत! सकाळी पेटवला, घरभर धूर, सगळे खोकायला लागले. बादली भरून दारात उभा राहिलो.

"मामा, पाणी काढलंय."

हालचाल नाही. पुन्हा हाक मारली, तरी नाही. आता पाणी परत बंबात ओतावं म्हणून मी बादली उचलली, तोच भिंतीकडून बारीक, चिडका आवाज आला, "आधी अहो म्हणायचं आसतंय."

मी बादली खाली ठेवली. "अहो, पाणी काढलंय."

"आलो, आलो," मामा म्हणाला, आणि मी उठवावं म्हणून त्यानं हात पुढं केला.