कळलावी आणि लाल मुनिया

ताईचं शेत प्रकाशा गावाजवळ, तापीकाठी. दाजी वारल्यापासून तीच बघते. ऊस हिरवागार, केळी टवटवीत, आणि ही मात्र राखाडी साडीत, मोकळ्या हातांनी. मी धाकटी, तोंडाची फटकळ. दर खेपेला म्हणायचे, "ताई, थोडा तरी रंग घाल ना वं." ती ऐकलं न ऐकलंसं करायची. माझा जीव तुटायचा.

श्रावणात गेले तेव्हा तिच्या कुंपणावर कळलावी फुलली होती. पानांच्या टोकांनी काटक्यांना विळखे घालत वर चढलेली. पाकळ्या मागे उलटलेल्या, बुडाशी पिवळ्या, टोकाला लालभडक. कुणी लावली नाही, कुणी पाणी घातलं नाही, तरी केवढा थाट! मी बघतच राहिले. ताईने मात्र खालच्या गवताकडे बोट केलं. तिथे लाल मुनियाचा नर काडीवर झुलत होता. अंगठ्याएवढा जीव, लाल अंगावर रांगोळी सांडल्यासारखे पांढरे ठिपके.

दोघांत देखणं कोण, यावर आमची चांगलीच जुंपली. मी म्हटलं, फूल निदान एका जागी उभं राहून डोळे भरून बघू देतं, तुझं पाखरू क्षणभर टिकत नाही. ताई म्हणाली, "तुन्हं फूल गाणं म्हणस का?" तेवढ्यात तो नर बारीक आवाजात गायलाही.

थंडीत पुन्हा गेले तर कळलावी वाळून गेलेली आणि गवतावर नुसती मातकट पाखरं. लाल मुनिया कुणीतरी जाळ्यात धरून विकायला नेल्या, असं समजून मी संतापले, नको नको ते बोलले. ताई खळखळून हसली.

"येडी शे का वं तू! तोच शे. चोच दख, लालच शे. पाऊस सरना का रंग टाकी देस. रंग गया, पाखरू कथं गयं?"

बोलता बोलता तिने आपल्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं.

दुपारी बाजारात मला बांगड्या भरायच्या होत्या. आमच्याकडे नवरा गेलेली बाई बांगडीवाल्यासमोर बसत नाही. दाजी गेल्यापासून ताई कधी बसली नव्हती, लांबच उभी राहायची. माझे हात भरून झाले. मी उठले तशी ती पुढे आली आणि माझ्या जागी बसली. बांगडीवाला तिच्या कोऱ्या कपाळाकडे बघून घुटमळला. "कोणत्या दाखवू?" त्याने हळूच विचारलं.

"लाल," ताई म्हणाली. "दोन्ही हात भरी दे."